हरकत्यांची मिशी

मी मिशी बोलतेय. हसू नका. बावीस वर्षं लोक मला बघून हसत आले, तेव्हा माझी ना नव्हती, कारण ते माझं कामच होतं. पण आता काम सुटलंय आणि राग मात्र शिल्लक आहे. तो ऐकून घ्या.

सध्या माझा मुक्काम बाणेरच्या एका चकचकीत कचेरीत, शिरल्या शिरल्या डाव्या हाताला, काचेच्या पेटीत आहे. खाली पितळी पट्टी आहे : ‘हरकत्यांची मिशी. कृपया हात लावू नये.’ मला हात लावायचा खरा अधिकार जगात दोनच माणसांना होता. त्यांतला एक वारला आणि दुसऱ्याला याच कचेरीनं हसून वाटेला लावलं. आणि पट्टी कोणाला, तर तुम्हाआम्हाला!

आणखी एक. येणारे-जाणारे मला ‘ती खोटी मिशी’ म्हणतात. माझ्यात एकही केस खोटा नाही.

मला घडवलं तात्यारावांनी. नाटक-सिनेमातल्या माणसांना टोप, दाढ्या आणि मिशा करून देणारे, नारायण पेठेत एका जिन्याखालच्या खोलीत बसणारे रंगभूषाकार. बारीक जाळीवर आकड्याच्या सुईनं एकेक केस गाठ मारून बसवायचा, असं अकरा दिवस चाललं. साल एक्क्याण्णव. पेठेत घराघरावर केबलच्या तारा चढत होत्या आणि तात्याराव सुई चालवता चालवता म्हणत, “आता घरात बसून फुकट बघतील सगळं. आपल्या मिशा कोण विचारतो?”

विचारलं बद्रीनाथांनी. हे विनोदी चित्रपट काढायचे, आणि त्यांच्या डोक्यात एक निराळंच खूळ होतं. प्रत्येक चित्रपटाची गोष्ट वेगळी, नायक-नायिका वेगळे, पण त्यात अधूनमधून येणारी काही माणसं मात्र कायम तीच. एक मुक्ताबाई, प्रत्येक चित्रपटात कोणाला तरी छातीठोक चुकीचा पत्ता सांगणाऱ्या. आणि एक हरकते. हे हरकते कधी सोसायटीचे सेक्रेटरी, कधी परीक्षेतले पर्यवेक्षक, कधी लग्नातले मुलाकडचे पाहुणे. कुठेही असले तरी ऐन मोक्याला उभे राहून म्हणणार, “माझी हरकत आहे. नोंदवून ठेवा.”

हरकत्यांचं काम करायचे यज्ञेश्वर सोमण. पाटबंधारे खात्यात कारकून, राहायला कोथरूड, चित्रीकरणासाठी किरकोळ रजा टाकून येणारे. बोलायला इतके मवाळ की घरच्या आमटीतही कधी मीठ कमी म्हणाले नसतील. पण मला लावलं की माणूस बदलायचा.

पहिल्याच दिवशी तात्यारावांचा चष्मा त्यांच्याच बुडाखाली सापडला. त्यांनी मला अंदाजानं चिकटवलं. तीन दिवस चित्रीकरण झालं. चौथ्या दिवशी नवा चष्मा घालून आले, तेव्हा कुठे त्यांना दिसलं. माझी डावी बाजू वर गेली होती.

“पुन्हा करू सगळं,” कोणीतरी म्हणालं.

बद्रीनाथांनी सोमणांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. “नको. आता हा गृहस्थ तोंड उघडायच्या आधीच हरकत घेतोय असं दिसतंय. हे असंच ठेवा. कायम.”

असंच ठेवा म्हणणं सोपं. पण रोज सकाळी तेवढाच, अगदी तेवढाच तिरकेपणा आणायचा कसा? तात्यारावांनी तोड काढली. आधी ओठावर आडवा दोरा धरून मला सरळ लावायचं, मग डावं टोक एका तांदळाच्या लांबीइतकं वर घ्यायचं. तांदूळ आंबेमोहोर. बासमती चालत नसे, लांब पडतो. तो दाणा त्यांनी काड्यापेटीत घालून जपला आणि पाच चित्रपट तोच वापरला. स्वतःच्या चुकीची इतकी इमानदारीनं उजळणी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पाचही चित्रपट चालले. सदाशिव पेठेतले गणिताचे एक निवृत्त मास्तर प्रत्येक चित्रपटानंतर पत्र पाठवायचे : ‘आपल्या दुसऱ्या चित्रपटात हरकते अविवाहित आहेत. तिसऱ्यात त्यांना सून आहे. खुलासा व्हावा.’ बद्रीनाथ पोस्टकार्डावर उत्तर देत : ‘दोन्ही हरकते एकच. मधल्या काळात त्यांचे लग्न झाले व मुलाचेही झाले. आपणास आमंत्रण द्यायचे राहून गेले, क्षमस्व.’

पण माझ्या माणसाचं काय झालं बघा. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे त्यांना हरकते म्हणू लागले. निवृत्तीच्या समारंभाला खात्यातल्या लोकांनी फळ्यावर ‘श्री. हरकते यांस निरोप’ असं लिहिलं. तेहेतीस वर्षं एकाच टेबलाशी बसलेल्या माणसाचं नाव यांना आठवू नये! सोमण मात्र हसले आणि त्यांनी नारळ घेतला. मी तेव्हा त्यांच्या ओठावर होते, लोकांच्या आग्रहाखातर. नसते तर त्यांचे ओठ कसे थरथरले ते सगळ्यांना दिसलं असतं.

आणि एक व्रत त्यांनी पाळलं. मला नीट बसता यावं म्हणून वरचा ओठ रोज गुळगुळीत ठेवायचा. घरच्यांच्या सगळ्या लग्नांत, देवदर्शनाच्या फोटोंत, हे बिनमिशीचे. सुनीतीबाई, म्हणजे त्यांची बायको, एकदा म्हणाल्या, “अहो, जरा वाढवून तर बघा.” हे म्हणाले, “तिला राहायला जागा कुठे उरेल मग?” ती म्हणजे मी. माझ्यासाठी इतकं कोणी केलं नाही, सांगून ठेवते.

पुढे बद्रीनाथ गेले. तात्यारावांनी शेवटच्या आजारात मला आणि त्या काड्यापेटीला एका बिस्किटाच्या डब्यात घालून सोमणांच्या हाती दिलं, आणि तेही गेले. बारा-तेरा वर्षं मी कपाटात, कापराच्या वड्यांत. बाहेर कोथरूडचे बंगले पडून इमारती उठल्या, शेजारची मुलं हिंजवडीला जाऊ लागली. हे दर महिन्याला डबा उघडत, मऊ ब्रशनं मला विंचरत आणि म्हणत, “असू दे. बोलावतील.”

दोन हजार तेरा साली बोलावणं आलं. बद्रीनाथांचा मुलगा सलिल अमेरिकेतून परतला होता. घरी येऊन पाया पडला.

“काका, बाबांची सगळी कॅरेक्टर्स एकाच फिल्ममध्ये आणतोय. ॲक्चुअली ते एक अख्खं युनिव्हर्स होतं.”

“ते सगळे एकाच गावात राहतात, हे मास्तरांना पंचाण्णवमध्येच कळलं होतं,” सोमण म्हणाले.

“मिशी आहे ना अजून?”

“आहे.”

“ग्रेट! जपून ठेवा. मी गाडी पाठवतो.”

एवढंच बोलणं झालं. ‘तुम्ही या’ असं तो म्हणाला नाही, आणि ‘तुम्ही येऊ नका’ असंही म्हणाला नाही. शहाण्यासुरत्या माणसानं विचारलं असतं. सुनीतीबाईंनी तेच सांगितलं, “अहो, फोन करून एकदा विचारा तरी.”

“विचारायचं काय त्यात? मिशी काय एकटी काम करते?”

पुढचे पाच आठवडे चौऱ्याहत्तर वर्षांचा हा माणूस सकाळी दाढी करून, मला लावून, आरशासमोर उभा राहायचा. दोरा, तांदूळ, सगळं स्वतः. डावी बाजू कधी चुकली नाही. गाडी आली तेव्हा हे इस्त्रीचा कोट घालून, डबा मांडीवर घेऊन बसलेलेच होते.

ड्रायव्हर दारातच म्हणाला, “सर, फक्त डबा आणायला सांगितलाय.”

“आम्ही दोघंही येतो,” हे म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.

कचेरीच्या दारात पहारेकरी होता, महिपती नावाचा, विदर्भातल्या कारंज्याकडचा. त्यानं यांना बघितलं आणि उठूनच उभा राहिला. “अरे देवा! तुम्ही त हरकते नं! आमच्या गावात व्हिडिओ आनून पाह्यलं तुमाले. पन काका, रजिस्टर लिहा लागते.” यांनी लिहिलं. भेटायचे आहे : सलिल. काम : शूटिंग.

आत कॅमेरा नव्हताच. दिवे नव्हते, रंगाची पेटी नव्हती. नुसते पडदे आणि त्यांच्यापुढे बसलेली मुलं. ऋचा नावाच्या मुलीनं मला चिमट्यानं उचललं, चारी बाजूंनी माझे फोटो काढले. मग तिच्या पडद्यावर एक तरुण नट दिसला, यंत्राला खुणा म्हणून गालावर ठिपके ठिपके. तिनं काहीतरी दाबलं आणि मी त्याच्या ओठावर जाऊन बसले! मी म्हणजे ती नव्हे. मी इथे, चिमट्यात. तिथे माझी नक्कल.

सोमण खुर्चीत सावकाश टेकले. त्यांना समजलं. मी त्यांना चांगली ओळखते, त्यांना त्याच क्षणी सगळं समजलं. पण स्वतःबद्दल अवाक्षर काढलं नाही. चष्मा पुसून पडद्याजवळ गेले आणि म्हणाले, “ही सरळ आहे.”

“हो काका, ओरिजिनल फोटोंमध्ये ना थोडी वाकडी दिसत होती. मी फिक्स केली,” ऋचा उत्साहानं म्हणाली. मुलगी वाईट नव्हती. तिला खरंच वाटत होतं, चूक होती आणि आपण दुरुस्त केली.

यांनी खिशातून काड्यापेटी काढली, तांदूळ टेबलावर ठेवला. “डावीकडे एवढी वर हवी.”

“काका, लूक थोडा क्लीन हवाय आता,” सलिल म्हणाला. “नवीन ऑडियन्स आहे.”

सोमण उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा, मला न लावता, स्वतःच्या तोंडानं ते म्हणाले, “माझी हरकत आहे.”

आणि सगळी कचेरी टाळ्या वाजवू लागली!

खुर्च्या सोडून मुलं धावली, मोबाइल वर झाले. “वन्स मोअर!” कोणी ओरडलं. सलिलनं तर त्यांच्या खांद्यावर हात टाकला, “काका, हेच! हाच टोन! अरे, कोणीतरी रेकॉर्ड करून घ्या.” बिचाऱ्यांचा आवाज फुटला होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि तेही सगळ्यांना अभिनय वाटला. मला त्या चिमट्यातून उडी मारून प्रत्येकाच्या नाकात शिरावंसं वाटलं. एक माणूस चेष्टेत पाच वेळा बोलला तेव्हा सगळ्यांनी ऐकलं, आणि एकदा खरं बोलला तर ऐकायला कोणी नाही? ही कसली तुमची करमणूक?

यांनी तांदूळ उचलून काड्यापेटीत ठेवला. “मिशी राहू दे, काका, लॉबीत ठेवतो, एकदम सेफ,” असं सलिल म्हणाला, तर यांनी होकाराची मान हलवली आणि निघून गेले.

चित्रपट आला. मास्तरांचं पत्रही आलं, वय वर्षे अठ्ठ्याऐंशी. ‘हे नवे गृहस्थ कोण? आमचे हरकते असे नव्हते. खुलासा व्हावा.’ कचेरीतल्यांनी ते गंमत म्हणून माझ्याशेजारी फळ्यावर टाचलं. खुलासा कोणी पाठवला नाही.

त्यानंतर महिन्याभरानं एका दुपारी दारात एक म्हातारा उभा राहिला. मी आधी ओळखलंच नाही. ओठावर स्वतःची मिशी होती. पांढरी, विरळ आणि अगदी सरळ. खरं सांगू? तिथे आता मला जागा नव्हती.

“कोनाले भेटाचं हाय काका?” महिपतीनं रजिस्टर पुढे केलं.

“कोणाला नाही. हरकत घ्यायला आलोय.”

मी टाळ्यांची वाट बघितली. महिपती हसला नाही. “मंग तसंच लिहा कामाच्या रकान्यात. रिकामा नाही ठेवता येत. कायची हरकत?”

“मिशी सरळ केल्याची.”

“लिहा. अन् इथं सही.”

यांनी लिहिलं. सही केली. महिपतीनं वेळ घातली, आणि बोट ठेवून वाचलं, “यज्ञेश्वर सोमण. हे नाव हाय व्हय तुमचं? नोंदलं बरं का, सोमणकाका.”

या इमारतीत हे नाव मोठ्यानं कोणी उच्चारल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. यांनी माझ्याकडे बोट दाखवून त्याला काहीतरी हळूच विचारलं. महिपतीनं इकडेतिकडे पाहिलं आणि पेटीची काच उचलली. यांनी काड्यापेटी उघडली. माझं डावं टोक जरासं वर झालं, खाली काहीतरी टणक लागलं. काच परत बसली. हे गेले, पुन्हा आले नाहीत.

तेव्हापासून मी अशी बसलेय, डावीकडे एक तांदूळ वर. रजिस्टर भरलं की आतल्या कपाटात जातं, ते कोणी उघडत नाही, हे मला ठाऊक आहे. माझा राग त्यानं कमी झालेला नाही. पण रोज सकाळी द्वारकाबाई फडकं घेऊन झाडपूस करायला येतात, त्यांना तुमच्यापैकी कोणीतरी माझा एक निरोप द्या. बाई, काच पुसा, पट्टी पुसा, वाटलं तर तिच्यावरचं हरकत्यांचं नावही पुसून टाका. तेवढा तांदूळ मात्र हलवू नका.