दुकान आठ दिवस बंद

मी एक वेबसाइट बोलतेय. बोलतेय कसली, गेली तीन वर्षं घसा फोडून ओरडतेय! पण ज्याच्यासाठी ओरडले त्याच्या कानावर जाईल तर शपथ. म्हणून आता तुम्हाला सांगते. तुम्ही तरी ऐका.

माझे मालक बूट शिवतात. दुकानात टांगलेले असतात तसले नाहीत. कुणाचा एक पाय जन्मापासून आखूड असतो, कुणाचा अपघातानंतर दीड इंच कमी होतो, कुणाचं पाऊल आत वळलेलं असतं. अशा माणसांसाठी हे बूट. आधी पायाचं माप घ्यायचं, मग त्या पायासारखा हुबेहूब लाकडी साचा कोरायचा आणि त्या साच्यावर चामडं ताणून बूट बांधायचा. एका जोडीला तीन आठवडे लागतात. गिऱ्हाईक नवे बूट घालून दुकानात चालून दाखवतं, तेव्हा मालक पायांकडे बघतच नाहीत. खांद्यांकडे बघतात. दोन्ही खांदे एका रेषेत आले की म्हणतात, "हं. जा आता." समोरचा रडायच्या बेतात असतो आणि हे म्हणतात जा आता! कौतुक करून घ्यायचीही अक्कल नाही या माणसाला.

भिंतीला फळ्या, फळ्यांवर साचे आणि प्रत्येक साच्याच्या तळाला पेन्सिलीने त्या त्या गिऱ्हाइकाचं नाव. त्यापलीकडे ना वही, ना पत्ता, ना यादी. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "वही कशाला? पाय हातात घेतला की माणूस आठवतो."

दुकान गल्लीच्या तोंडाशी आहे. एका बाजूला चावीवाला, समोर बेकरी. "दिवसाला हजार माणसं जातात माझ्या दारावरून," असं मालक छाती फुगवून सांगायचे. जातात ना! पण ज्यांना या बुटांची गरज आहे ती माणसं या गल्लीतून जात नाहीत, आणि जी जातात त्यांचे दोन्ही पाय ठणठणीत. एवढी साधी गोष्ट त्या घरात फक्त लेकीच्या लक्षात आली. तिनेच मला जन्माला घातलं.

"असलं कोण बघतंय?" मालक म्हणाले होते. "काम चोख असलं की माणसं शोधत येतात."

"अहो बाबा, शोधतात तेच तर इथे शोधतात!" ती म्हणाली आणि स्टुलावर चढून साच्यांचे फोटो काढायला लागली.

दोन रविवार खपून तिने मला उभं केलं. मालकांनी चेहऱ्याचा फोटो काढू दिला नाही, म्हणून माझ्या पहिल्या पानावर त्यांचे फक्त हात आहेत. घरच्या घरी कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने कसा गिरवायचा, हेही तिने चित्रं काढून समजावलं. दुकान किती वाजता उघडतं, कुठली बस धरायची, पायऱ्या किती आहेत, सगळं लिहिलं. पायऱ्या दोनच आहेत, पण ज्याचा पाय दुखतो त्याला तेही आधी कळलेलं बरं असतं. पोरीला कळत होतं हो सगळं. तेव्हा तरी.

मग माणसं यायला लागली. दोन गावं ओलांडून एक ट्रक ड्रायव्हर आला, त्याच्या बायकोने मला शोधून काढलं होतं. एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. एका हॉस्पिटलातल्या नर्सबाई आल्या, दिवसभर वॉर्डात उभ्या राहून कंबर गेली म्हणाल्या. वर्षभरात सोळा जणं. त्यांच्यासाठी मालकांनी नवी फळी ठोकली आणि तिला 'वेबसाइटची फळी' असं नाव दिलं. मला इतकं भरून आलं होतं! मालकांनी माझा पत्ता घालून कार्डंसुद्धा छापून घेतली आणि प्रत्येक बुटाच्या खोक्यात एकेक टाकायला लागले.

तेवढ्यात मालकांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. लेकीने माझ्या कपाळावर लाल अक्षरांत पाटी लावली: 'मालकांच्या डोळ्याच्या ऑपरेशनमुळे दुकान आठ दिवस बंद. त्यांना विश्रांतीची गरज आहे. कृपया या काळात फोन करू नये.'

तारीख? तारीख टाकायची राहिली.

आठ दिवस झाले, डोळा छान झाला, नवव्या दिवशी शटर वर गेलं. लेकीला परगावी नोकरी लागली होती. निघताना एका हातात बॅग धरून म्हणाली, "बाबा, वेबसाइट तेवढी चालू करा हं. कसं ते कागदावर लिहून ठेवलंय."

"करतो की," मालक म्हणाले.

आणि केली! काय केलं माहितीये? काउंटरवरच्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. झालं, वेबसाइट चालू! तो कागद कुठे गेला देव जाणे. तेव्हापासून रोज सकाळी हा माणूस बटण दाबतो आणि संध्याकाळी शटर ओढायच्या आधी ते बंद करतो. का, तर लोकांनी रात्री-अपरात्री वेबसाइटवर येऊन त्रास देऊ नये! वर धूळ बसू नये म्हणून दिवसभर स्क्रीनवर शिवलेलं कापडी आवरणही घालतो. कॉम्प्युटर चालू असला की दुकानातलं सगळं मला दिसतं, ऐकू येतं, कसं ते विचारू नका. आवरणाखालून ऐकत बसायचं आणि कपाळावर हात मारून घ्यायचा, तर कपाळावर आधीच पाटी.

दर रविवारी लेकीचा फोन. "बाबा, वेबसाइट चालू आहे ना?"

"रोज चालू असते. एक दिवस खाडा नाही."

अगं पण तू स्वतः एकदा उघडून बघ ना मला! जन्म दिलास ना? तीन वर्षांत एकदा, फक्त एकदा! पण नाही. बापाचा लेकीवर विश्वास, लेकीचा बापावर, आणि मधल्या मधे माझा बळी.

लोक तर विचारूच नका. इतकी सज्जन माणसं असू नयेत जगात. पाटी वाचायची, "अरेरे, बिचारे," म्हणायचं आणि निमूट परत जायचं. फोन करू नये असं लिहिलंय ना, मग नाही केला. आठ दिवसांनी पुन्हा यायचं, तीच पाटी. महिन्याने यायचं, तीच पाटी. एक निवृत्त गृहस्थ दीड वर्ष येत राहिले, मग तेही थांबले. आणि गंमत बघा, हे सगळे त्या कार्डावरून येत होते! मालक स्वतःच्या हाताने कार्ड देऊन माणसाला माझ्याकडे पाठवणार, आणि मी त्याला दारातूनच परतवून लावणार. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

इकडे दुकानात मालकांचा चेहरा उतरत चालला. आधी महिना रिकामा जायचा, मग दोन-दोन. येणारं गिऱ्हाईक म्हणजे कुणाची चप्पल तुटली, कुणाच्या बॅगेची चेन अडकली. एकदा चावीवाला दारात उभा राहून म्हणाला, "गड्या, तुझं ते वेबसाइटचं काय झालं? चालत होतं की."

"लोक नवीन वस्तूला भुलतात रे. एकदा आले आणि विसरले," मालक म्हणाले. "आता सगळीकडे तयार मिळतं. माझे बूट कुणाला नकोत."

हे ऐकून मला काय वाटलं असेल? नकोत? अहो, त्याच सकाळी तिघं माझ्यावर येऊन गेली होती! त्यातल्या एकीने पाटी दोनदा वाचली होती.

शेवटी मालकांनी ठरवलंच. दुकान चावीवाल्याला द्यायचं, त्याला जागा वाढवायची होतीच. साच्यांचं काय करायचं? लाकूड चांगलं, वाळलेलं. बेकरीवाला म्हणाला, "भट्टीला चालेल." शुक्रवारी सकाळी हातगाडी आली.

"कुठली फळी आधी नेऊ?" गाडीवाल्याने विचारलं.

मालकांनी वर पाहिलं. जुनी गिऱ्हाइकं निदान पडत्या काळात सोबत होती, चप्पल तुटली तरी यायची. मालकांनी वेबसाइटच्या फळीकडे बोट दाखवलं. "ती न्या. ती माणसं काही परत येत नाहीत."

गोणी भरून गेली. सोळा जोड. मी आवरणाखाली काय काय बोलले ते सांगत नाही, शोभणार नाही.

त्याच दुपारी नर्सबाई घराची चावी करून घ्यायला शेजारी आल्या. एका बाजूला झुकून चालत होत्या. चावी होईपर्यंत सहज इकडे डोकावल्या आणि किंचाळल्याच.

"अगंबाई! तुम्ही आहात?"

"म्हणजे? मी कुठे जाणार?" मालक.

"अहो, मला वाटलं तुम्ही गेलात! आठ दिवस बंद म्हणता आणि तीन वर्षं बंद! हॉस्पिटलात सगळ्यांना सांगून बसले मी, की त्या डोळ्यातच काहीतरी बिघडलं आणि गेले बिचारे."

"बंद? एक दिवस नाही बंद दुकान. वेबसाइटसुद्धा रोज चालू असते, हा बघा हिरवा दिवा."

नर्सबाईंनी पर्समधून मोबाइल काढला, मला उघडलं आणि मालकांच्या नाकासमोर धरलं. मालकांनी चष्मा पुसला. वाचलं. परत वाचलं. तीन वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकमेकांकडे बघत होतो.

आणि पहिला शब्द काय आला तोंडातून? "ही मेली वेबसाइट!"

मी? मी मेली? तीन वर्षं ती पाटी कपाळावर मी मिरवली, आणि मेली मीच? जाऊ दे. माणूस हादरला होता, म्हणून सोडून दिलं.

"तुमचा तळ पार झिजलाय," मालक खाली बघत पुटपुटले. "असेच वापरलेत इतके दिवस?"

"मग काय करणार? दुसरीकडे दोन जोड करून घेतले, दोन्ही कपाटात पडलेत. आता खुबा दुखतो. डॉक्टर म्हणतात, कायमचं राहणार."

"नवे करू. साचा आहे तुमचा," असं म्हणून मालकांनी सवयीने वेबसाइटच्या फळीवर हात टाकला. फळी रिकामी होती.

हात तसाच वर राहिला. मग मालक धावले. साठी उलटलेला माणूस, अंगावर चामड्याचा अ‍ॅप्रन, रस्ता ओलांडून बेकरीत. परत आले तेव्हा हातात नुसती रिकामी गोणी होती. भट्टी दुपारच्या पावांसाठी केव्हाच पेटली होती.

"तुमचा साचा मी जाळला," ते नर्सबाईंना म्हणाले. सरळ सांगितलं, आडपडदा ठेवला नाही. मग जमिनीवर कागद पसरला, गुडघे टेकून बसले. "उभ्या राहा. माप पुन्हा घेतो." पाऊल एकदा गिरवलं, पुसलं, पुन्हा गिरवलं. या माणसाला दोनदा गिरवताना मी कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगते, माझा सगळा राग तिथे गळून गेला. म्हणजे बराचसा.

रविवारपर्यंत थांबायचं कशाला? लगेच लेकीला फोन गेला. ती रडायलाच लागली, "बाबा, मी एकदा तरी उघडून बघायला हवं होतं." तिने तिथे बसल्या बसल्या पाटी काढली. किती वेळ लागला? दोन मिनिटं! तीन वर्षांचं कुलूप दोन मिनिटांत निघालं. बैल गेला आणि झोपा केला.

"चावीवाल्याला काय सांगू?" मालकांनी विचारलं.

"मला ऐकू आलंय सगळं," चावीवाला दारातूनच म्हणाला. "मी माझ्या जागेत मावतो. तू बस तुझ्या जागेवर."

आता दुकान चालू आहे. मालक रोज सकाळी चष्मा लावून मला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचतात आणि लेकीला चुका सांगतात. वैताग आहे, पण हा वैताग मला चालतो. तुमचंही छोटंसं दुकान असेल, तर तुमच्यासाठीही एक वेबसाइट करा. आणि केलीत तर मेहेरबानी करून अधूनमधून तिचं तोंड बघत जा. तुमच्या माघारी ती लोकांना काय सांगतेय ते तुम्हाला माहीत असायला हवं.

पण माझं दुःख वेगळंच आहे. बाकीच्या पंधरा जणांची नावं त्या साच्यांवरच होती. वहीत नाहीत, कुठेच नाहीत. पाय हातात घेतला की माणूस आठवतो म्हणे. पण पाय हातात यायला आधी माणूस यायला हवा ना! मालकांनी स्वतः सांगून माझ्यावर नवा मजकूर लिहून घेतलाय: 'दुकान चालू आहे. डोळा तेव्हाच बरा झाला. तुमचे साचे माझ्या हातून गेले, चूक माझी. बूट झिजले असतील. या, माप पुन्हा घेतो. फोन केला तरी चालेल.'

पंधरा जणांपैकी तिघं आली. बाकीची बारा जणं आता मला उघडतच नसणार. इतक्या वेळा 'बंद' वाचल्यावर कोण येतंय पुन्हा? तेव्हा हात जोडून सांगते, मला हात नाहीत तरी जोडते. तुमच्या ओळखीचं कुणी एका बाजूला झुकून, झिजलेल्या बुटांवर चालत असेल, तर त्याला एवढंच सांगा: एकदा, अजून एकदा, मला उघडून बघ.