लोखंड्याचा पाहुणा

अँजेलिनाने कालवण चुलीवरून उतरवलं, पदराला हात पुसले आणि ओटीवर येऊन ती नवऱ्याच्या पाठीमागे उभी राहिली. प्लासिडने चित्र जवळजवळ पुरं केलं होतं. दगडी पायरीवर एक माणूस मरत पडला होता. त्याच्या तोंडाशी शब्दांसाठी सोडलेला गोल मात्र अजून कोराच होता.

"त्याला मारू नका," ती म्हणाली.

"संपादकांनी सांगितलंय. लोकांना लोखंड्या हवा, निव्वळ लोखंड्या." तो हसला. "कागदावरचा मानूस तो, अँजेलिन. तुला काय त्याचं?"

प्लासिड शाळेत ड्रॉइंग मास्तर होता, आणि मुंबईच्या एका साप्ताहिकात त्याची चित्रकथा येत असे. तिच्यातला लोखंड्या म्हणजे दुष्टांचा मेरुमणी. उजव्या हाताला लोखंडी पंजा, पेढ्या फोडायच्या आणि आडवा येईल त्याला उचलून आपटायचं. पण डोक्याला मार बसला की त्याच्यातून भलताच माणूस बाहेर पडायचा. तो पंजा काढून ठेवी, पोरांचे माडात अडकलेले पतंग सोडवून देई, आणि पान उलटायच्या आत पुन्हा लोखंड्या होई.

या दुसऱ्याला प्लासिडने नाव दिलंच नव्हतं. ते काम वाचकांनी अंगावर घेतलं, आणि व्यक्ती तितक्या प्रकृती. गिरणगावातली पोरं त्याला नुसतं 'दुसरा' म्हणत. पुण्याहून कुणीतरी 'मवाळराव' सुचवलं, तेही शुद्धलेखन तपासून. त्याच्या गावी, राजोडीत मात्र बळीराम न्हाव्याच्या दुकानात, जिथे अंक मोठ्याने वाचला जाई आणि अर्धी दाढी झालेली गिऱ्हाइकंही माना वळवून ऐकत, तिथे एकच नाव होतं: पाहुणा. येतो, गोड बोलतो, राहत नाही. ते नाव वसईभर झालं आणि शेवटी साप्ताहिकानेही छापलं.

प्लासिडला त्या नावाचं भारी कौतुक होतं. अँजेलिनाला त्या माणसाचं होतं. तिचा नवरा दारूच्या थेंबाला शिवत नसे. शिवत असता तर दारूला तरी शिव्या घालता आल्या असत्या. कधी भाजीत मीठ कमी पडे, कधी दार वाजे, कधी काहीच होत नसे, आणि त्याचा हात उठे. मग फाटकाचा आवाज आला की ती आधी चिनी मातीच्या बश्या फळीवरून उतरवून पेटाऱ्यात ठेवी. पण पाहुण्याची चित्रं काढायच्या दिवशी तो मऊ असायचा. कागदावर तो येत होता तोवर घरीही येत होता. आता कागदावरचा कायमचा मेला आणि त्या अंगात निव्वळ लोखंड्या उरला तर काय, हे ती कुणाला विचारणार?

"आनखी एक अंक तरी ऱ्हाऊ द्या त्याला," ती म्हणाली.

"नाही गं. आजच टपालात टाकायचंय."

तेवढ्यात त्यांची मुलगी सालोमी शेजारच्या सुझानकडून खेळून आली. दोघींच्या घरांमध्ये कमरेएवढा दगडी गडगा होता. पायाला माती, हातात अर्धा पेरू. प्लासिडने तिला जवळ ओढलं.

"बाय माझी. तुमच्या पोरांना विचार, पाहुना हे नाव पहिल्यांदा कुनी ठेवलं. या चित्राखाली त्याचं नाव छापून आनतो."

सालोमीने आईकडे बघितलं.

"सांग की. तुझ्या वर्गातल्या मटिल्डाने?"

"मीच," ती म्हणाली.

"तू?" प्लासिडला आनंद मावेना. "तुला गं कसं सुचलं?"

"सुझान गडग्यावरून विचारते ना, खेळायला येऊ का म्हणून. मग मी सांगते, आज पाहुना आलाय, ये. नसला तर सांगते, नको येऊस." तिने पेरूचा चावा घेतला. बापाचा हात अजून तिच्या केसांवर होता, म्हणून तिला भय वाटलं नाही. "मग बळीरामकाकाच्या दुकानात अंक वाचताना तो पंजा काढनारा मानूस आला, तर सुझान म्हनाली, हा तर सालोमीच्या घरचा पाहुना. मग सगळेच म्हनायला लागले."

"सगळे?"

"हो. कोन हसलं नाही, बा."

अँजेलिनाने डोळे मिटले. इतकी वर्षं तिने 'विहिरीवर पडले', 'दार लागलं' असं सांगत झाकलेलं सगळं गावाने केव्हाच ओळखलं होतं, आणि दर आठवड्याला ते तिच्या घराचंच नाव घेत होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्लासिडने मुलीच्या केसांतला हात काढून घेतला. मग त्याने टाक शाईत बुडवला आणि मरणाऱ्याच्या तोंडाशी सोडलेल्या कोऱ्या गोलात एकच शब्द लिहिला: 'येतो.'

"एवढंच?" अँजेलिनाने विचारलं.

"पाहुना जाताना दुसरं काय म्हनतो?"

त्याने शाई वाळू दिली, कागद गुंडाळला, चपला घातल्या. मुलीकडे त्याने वळून बघितलं नाही. अंगणातून तो सरळ गेला, आणि फाटक असं आपटलं की त्याचा एक बांबू बिजागरीतून निखळला.

अँजेलिना आत गेली. बश्या एकमेकींवर ठेवल्याचा आवाज आला. सालोमीने उरलेला पेरू गडग्यावर ठेवला आणि पलीकडे हाक मारली.

"सुझान, उद्या नको येऊस."

मग थोडं थांबून म्हणाली, "परवापन नको."