नऊ अर्ज आणि एक भेग

मी भेगमाप बोलतोय. नाव जड वाटलं तरी माझा जीव एवढासाच आहे. कंपासपेटीतल्या तुटक्या गुण्याचे दोन पारदर्शक तुकडे, एकावर आलेख कागदाची चौकट, दुसऱ्यावर लाल शाईची फुली. भेगेच्या एका काठाला एक तुकडा चिकटवायचा, दुसऱ्या काठाला दुसरा. भेग रुंदावली की फुली चौकटीवरून सरकते. एक घर म्हणजे एक मिलिमीटर. माझी भाषा एवढीच, आणि तीही कुणी समोर उभं राहून वाचली तर.

माझा जन्म एका टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या शाळेत झाला. तळमजल्यावरची अगदी टोकाची खोली. तिची मागची भिंत टेकडीला पाठ टेकून उभी होती. तिथे अकरावी-बारावीचा भूशास्त्राचा वर्ग भरायचा. अकरावीत ऐच्छिक विषयांची यादी मिळे, तीत हा विषय सर्वांत खाली छापलेला असायचा.

शिकवणाऱ्या सरांच्या खिशात कायम दोन-चार दगड असत, म्हणून मुलं त्यांना दगडूसर म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं. कधी फोनवरसुद्धा "दगडू बोलतोय" म्हणत आणि स्वतःच हसत. पण एका सकाळी नमुन्यांचं कपाट सरकवलं आणि मागे केसाएवढी भेग दिसली, तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी तिच्यात नख घालून पाहिलं. नख आत गेलं नाही.

"पडेल का हो सर भिंत?" एकाने विचारलं.

"अंदाज करायचा नाही. मोजायचं," सर म्हणाले.

वर्गात अकराच मुलं होती. त्यांनी मिळून मला बनवलं आणि फुली चौकटीच्या मधोमध, शून्यावर बसवली. दर सोमवारी मला वाचायचं काम एका उंच, अबोल मुलीने मागून घेतलं. निळ्या वहीत तारीख आणि आकडा लिहायची. मुलांनी तिचं नाव मोजणीबाई पाडलं. तिचे वडील गाड्या दुरुस्त करायचे. विषयाच्या अर्जावर सही करताना ते म्हणाले होते, "दगड शिकून पोट भरणार का तुझं?" तिने हा किस्सा वर्गात सांगितला तेव्हा मी ऐकला. ती त्यांना म्हणाली होती, "बाबा, तुम्ही नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगता ना? मला जमिनीचं सांगायचंय." मग त्यांनी सही केली.

त्या वर्षी फुली दोन घरं सरकली. सरांनी प्राचार्यांना पत्र दिलं. प्राचार्य वाईट माणूस नव्हते, पण डोक्यावर शंभर कामं घेऊन फिरायचे. ते आले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "प्लास्टर तडकलंय हो. सुट्टीत बघू." सुट्टी आली आणि गेली.

मग नव्या अकरावीचे अर्ज भरायचा दिवस उजाडला. नियम असा की दहा मुलं असतील तरच विषय चालणार. आमच्या खोलीबाहेरच टेबल मांडलं होतं, त्यामुळे सगळं मला ऐकू येत होतं. दुपारपर्यंत नऊ अर्ज आले. दहावा अर्ज भरायला एक मुलगी टेबलाशी आली, तिचे काका सोबत होते. तिने 'भू' लिहिलं.

"हे काय? संगणक लिही," काका म्हणाले.

"काका, मला हे आवडतं."

"आवड घरी. सगळे वेडे आहेत का संगणक घ्यायला?"

पेनने अक्षर खोडल्याचा आवाज आला. कारकुनाने नऊ अर्ज वेगळे काढले आणि त्या मुलांना दुसरा विषय निवडायला बोलावलं. एवढ्यात विषय संपला. कुणी भांडलं नाही, कुणी रडलंही नाही. मला मात्र तेव्हापासून चैन नाही.

दगडूसरांची दुसऱ्या शाळेत बदली झाली. आमची खोली संगणकाच्या वर्गाला मिळाली. रंगारी आला, "हे काय चिकटवलंय इथे?" म्हणाला. उत्तर द्यायला कुणी नव्हतं, तेव्हा त्याने माझ्यावरूनच ब्रश फिरवला. मी आंधळा झालो. भेग मात्र रंगाखाली चालत राहिली.

मोजणीबाई आता बारावीत होती. उरलेल्या अकरा जणांचा वर्ग बाहेरून येणारे एक सर अडगळीच्या खोलीत घ्यायचे. पहिल्याच सोमवारी ती मधल्या सुट्टीत आली आणि ब्लेडच्या पात्याने माझ्यावरचा रंग हळूहळू खरवडू लागली.

"ए, नवीन रंग आहे तो!" संगणकाच्या मॅडम ओरडल्या.

"मॅडम, याच्याखाली आकडा आहे."

मॅडमना काही कळलं नाही, पण मुलीच्या आवाजात असं काहीतरी होतं की त्यांनी तिला अडवलं नाही. वर्षभर ती येत राहिली. तीन. साडेतीन. चार. शाळा सोडताना तिने निळी वही मॅडमच्या हातात दिली. "तुम्ही विषय शिकू नका, मॅडम. फक्त सोमवारी आकडा लिहा. मागे माझा नंबर आहे."

मॅडमनी दोन सोमवार लिहिलं. तिसऱ्या सोमवारी चाचणी होती, चौथ्याला तपासणी. मग वही खणात गेली आणि माझ्यावर कीबोर्डाच्या चित्राचा तक्ता आला. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. कामाच्या रगाड्यात माणसं असंच विसरतात. तक्त्यामागच्या अंधारात मी सरकत होतो. कधीकधी भिंतीच्या आतून बारीक कर्रर असा आवाज यायचा. मुलांना वाटायचं, पंखा वाजतोय.

पुढच्या वर्षी पाऊस लागून राहिला. एका सकाळी वर्गाचं दार लागेना. सुताराने खालून तासलं, दोन दिवसांनी ते पुन्हा अडकलं. "बाई, दारात दोष नाही," सुतार म्हणाला, "चौकटच तिरकी झालीय." मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी तक्ता उचलला, खणातली वही काढली आणि तिथूनच मोजणीबाईला स्पीकरवर फोन लावला.

"अगं, शेवटचा आकडा चार होता ना? आता नऊ दिसतंय."

"फुली नुसती बाजूला गेलीय की खालीसुद्धा?"

"दोन्ही."



"मॅडम, मुलं आत आहेत?"

"अठ्ठेचाळीस."

"आधी बाहेर काढा. मग माझ्याशी बोला."

मॅडमनी दप्तरंसुद्धा उचलू दिली नाहीत. प्राचार्य धावत आले. "उद्या प्रात्यक्षिक परीक्षा आहे! एका प्लॅस्टिकच्या तुकड्यावरून वर्ग बंद करायचा?"

"सर, वहीत दोन वर्षांचे आकडे आहेत. वाचा आणि मग तुम्ही स्वतः आत बसून दाखवा," मॅडम म्हणाल्या.

प्राचार्य वाचत राहिले. आत मात्र गेले नाहीत. त्यांनी दाराला साखळी घालून खोलीला कुलूप लावलं आणि इमारत तपासायला अभियंता पाठवा असं पत्र धाडलं. त्याला आता पाच आठवडे झाले. उत्तर नाही. संगणकाच्या विषयाला या वर्षी बासष्ट अर्ज आले आहेत. एवढी मुलं मावतील अशी मोठी खोली शाळेत एकच रिकामी होती. ती आमच्या डोक्यावर आहे, याच भिंतीवर उभी. "वर कुठे भेग आहे?" प्राचार्य म्हणाले. मॅडमनी तिथे शिकवायला नकार दिला, तर तासाला दुसरे सर पाठवले.

आज सकाळी, शाळा भरायच्या आधी, मोजणीबाई आली होती. आता ती कॉलेजात आहे; तिथेही तिचा विषय मिळाला नाही, हिशेबाच्या शाखेत बसली आहे. मॅडम आणि ती, दोघींनी खिडकीच्या गजांतून माझ्यावर टॉर्च मारला. फुली चौकटीबाहेर गेली होती. माझ्याकडे आकडेच उरले नव्हते. वरचा वर्ग रिकामा करायला प्राचार्य अभियंत्याचं पत्र मागत होते, म्हणून वाहन मिळताच वही घेऊन दोघी अभियंत्याच्या कचेरीत गेल्या. "त्याला घेतल्याशिवाय परत यायचं नाही," एवढंच मला ऐकू आलं.

त्या अजून आलेल्या नाहीत. माझ्या दोन तुकड्यांमधून आता वाळू गळते आहे. वर खुर्च्या सरकतात, आणि नवे सर हजेरी घेताहेत. एकोणतीस, हजर. तीस, हजर. एकतीस, हजर.

तुम्ही या बाजूने जात असाल, तर कृपा करून माझ्यापाशी थांबू नका. जिना चढा आणि त्या मुलांना खाली आणा.