सप्टेंबरपर्यंत फळी उभी राहील का

ड्युलूथच्या अमेरिकन फुटबॉल संघात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि बोलत कुणीच नव्हतं. चेंडू फेकणारा तरणा क्वार्टरबॅक संघाला हवा असो वा नसो, मॅनेजरची खुर्ची डळमळायला लागली की तो घ्यावाच लागतो. पोरगा नवा असतो. हरला तर ‘शिकतोय अजून’ म्हणता येतं. दोन वर्षं तरी तो शिकतो, आणि तोवर शिकवणाऱ्यांना कुणी हाकलत नाही.

आर्विड निस्कालाने चौतीस वर्षांच्या नोकरीत हा खेळ तीनदा पाहिला होता. तो पुढच्या फळीचा प्रशिक्षक. फळी म्हणजे ते पाच धिप्पाड गडी, जे क्वार्टरबॅकच्या पुढे उभे राहतात आणि चेंडू फेकायला लागणारे तीन सेकंद त्याला मिळवून देतात. लोक बघतात ते फेकणाऱ्याकडे. फळीतल्यांची नावं कळतात ती फक्त ते चुकल्यावर, आणि मागच्या मोसमात ती गावातल्या शेंबड्या पोरांनाही पाठ झाली होती. त्यांचा म्हातारा क्वार्टरबॅक एकसष्ट वेळा आडवा झाला आणि डिसेंबरात खांदा धरून घरी गेला. डावीकडचा गडी तर गुडघ्यापायी त्याच्याही आधी गेला होता. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ डावीकडे होते. तिथून कोण चालून येतंय ते त्याला दिसत नाही. त्या जागी आता जो होता, त्याला आधी दोन संघांनी काढून टाकलं होतं. आर्विडचं मत विचाराल तर त्या दोन्ही संघांचं काही चुकलं नव्हतं.

एप्रिलच्या सुरुवातीला मॅलकाय ब्रॉडनॅक्स भेटीला आला. अलाबामाचा, वय बावीस, आणि त्या वर्षी कॉलेजातून निघालेल्या क्वार्टरबॅकांमध्ये हात सगळ्यात चांगला. दोन दिवस त्याला सगळ्यांनी पिळून काढलं. परत विमानतळावर सोडायचं काम आर्विडकडे आलं. तळ्यावर अजून बर्फ होता आणि पोराच्या अंगात पातळ जाकीट. आर्विडने न विचारता गाडीतला हीटर वाढवला.

“सर, एक विचारू?” पोरगा म्हणाला. “मला घेतलंत तर डावीकडे कोण असेल?”

दोन दिवसांत एवढी माणसं बोलली, पण मुद्द्याचं पहिल्यांदा बोललं ते हे पोरगं.

“आज तरी कुणी नाही,” आर्विड म्हणाला.

मॅलकाय म्हणाला, “आमच्या कॉलेजात माझ्या आधी एक जण होता. माझ्यापेक्षा सरस फेकायचा, खरं सांगतो. त्याला असाच पहिल्या वर्षी उभा केला. आता त्याच्या शर्टाची बटणं त्याची बायको लावते.” मग तो हसला. “आम्हाला कोण विचारतंय, सर. बोलावतील तिथे जायचं, टोपी घालायची, दात दाखवायचे. नाही म्हणायचं ते तुम्ही लोकांनीच.”

“मला विचारलं तर मी खरं तेच सांगेन,” आर्विड म्हणाला. तेव्हा त्याच्या मनातही तेच होतं.

आता घरचं. प्रशिक्षकाचं बिऱ्हाड विंचवासारखं पाठीवर. कॅरिनने नवऱ्यामागे अकरा घरं मांडली आणि मोडली होती. या अकराव्या घरापासून लेक दोन गल्ल्यांवर राहायची, आणि नातू शाळेतून थेट आजीकडे यायचा. एका रविवारी ताटात तळलेला मासा वाढता वाढता कॅरिन म्हणाली, “आर्विड, बाराव्या घराचे खोके मी भरणार नाही. जायची वेळ आलीच तर तू जा. मी इथेच आहे.” आवाजात राग नव्हता. राग असता तर समजूत तरी काढता आली असती.

ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी पाळीपाळीने कॉलेजातली पोरं निवडायच्या, दिवशी सकाळी मॅनेजर वेस टॉलिव्हर दोन कॉफ्या घेऊन आर्विडच्या खोलीत आला. बराच वेळ तो हवापाण्याचं बोलला. ताकाला आलेला माणूस भांडं लपवतोय, हे आर्विडला कळत होतं.

“काय ते बोलून टाक, वेस.”

“आपला पाचवा नंबर. ब्रॉडनॅक्स तोवर उरणार, असं दिसतंय. मालकीणबाई तुला एकच विचारतील, सप्टेंबरपर्यंत, मोसम सुरू व्हायच्या आत, फळी उभी राहील का.”

“नाही राहणार. तो आयोवाचा पोरगा घे, डावीकडचा. भिंत आहे नुसती. क्वार्टरबॅक पुढच्या वर्षी.”

“पुढच्या वर्षी कोण घेईल? तू की मी? अरे, आपल्या जागी दुसरेच कुणी बसलेले असतील, आणि तुझ्या त्या भिंतीमागे आरामात क्वार्टरबॅक उभा करतील. टाळ्या त्यांना.”

“म्हणून आधी कळस, मग पाया?”

“डावीकडचा दुसऱ्या फेरीत बघू की.”

“दुसऱ्या फेरीत उरतात ते उरलेलेच असतात.”

टॉलिव्हरने कॉफी संपवली. दारात थांबून म्हणाला, “कॅरिन बरी आहे ना? नातू काय म्हणतो?” आणि उत्तर न ऐकताच गेला.

संध्याकाळी मोठ्या खोलीत वीसेक माणसं मूग गिळून बसली होती. चार नावं पुकारली गेली, ब्रॉडनॅक्स उरला. आयोवाचाही उरला. दहा मिनिटांचं घड्याळ सुरू झालं. मालकीणबाई, हाउगडालबाई, टेबलाच्या टोकाला होत्या. ऐंशीच्या, कानाने थोड्या कमी, डोक्याने अजिबात नाही.

“माझ्या नवऱ्याला बोटी कळायच्या,” त्या म्हणाल्या. “मला त्याही कळत नाहीत. म्हणून ज्याचं काम त्याला विचारावं, एवढं मी शिकले. निस्काला, सप्टेंबरपर्यंत तुमची फळी उभी राहील?”

टॉलिव्हर हातातल्या कागदाकडे बघत होता.

“नाही म्हणालात तर आयोवाचा घेऊ,” बाई पुढे म्हणाल्या. “क्वार्टरबॅक कुठे पळून जात नाहीत, पुढच्या वर्षी दुसरा येईल. बाकी जानेवारीचं जानेवारीत बघू.”

‘जानेवारीत बघू’ म्हणजे मोसम संपला की हाती नारळ, हे खोलीतल्या प्रत्येकाला समजलं. वीस माणसं, वीस घरं. पण आर्विडला त्या क्षणी एकच घर दिसत होतं. बाईंना खरं ऐकायचं होतं, हे त्याला स्पष्ट कळत होतं. एक शब्द पुरला असता.

“राहील,” तो म्हणाला.

खोलीत खुर्च्या कुरकुरल्या, कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. टॉलिव्हरने ब्रॉडनॅक्सचं नाव कळवलं. आर्विडला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेइतकंच हायसंही वाटलं. ते हायसं वाटणं त्याला जास्त झोंबलं.

रिवाजाप्रमाणे पोराला लावलेला फोन हातोहात फिरू लागला. आधी टॉलिव्हर. “अरे, आमच्या निस्कालाने छातीठोक सांगितलं, फळी उभी राहील! घोडामैदान जवळच आहे, बघशील तू.” मग बाई, मग मुख्य प्रशिक्षक. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर, आवाज बंद करून, अलाबामातलं घर दिसत होतं. पोराच्या डोक्यावर ड्युलूथची टोपी, शेजारी जांभळ्या पोशाखातली आई. चित्र काही सेकंद मागे चालत होतं.

फोन आर्विडच्या हाती आला.

“सर, मला धाकधूक होती, खोटं कशाला बोलू,” मॅलकायचा आवाज आला. “ज्या ज्या गावी गेलो, तिथे सगळे म्हणाले, आमच्याकडे सगळं झकास आहे. तुम्ही एकटेच म्हणालात, कुणी नाही. म्हणून आज तुम्ही ‘राहील’ म्हणताय ना, तर मला आता काही विचारायचं नाही. थांबा, आईलाही सांगतो. आई, हेच ते. हा माणूस खोटं बोलत नाही.”

“बरं,” आर्विड म्हणाला. त्याने फोन पुढच्या माणसाकडे दिला.

टीव्हीवर पोरगा आत्ता कुठे आईकडे वळत होता. फोनकडे बोट दाखवून त्याने तिला काहीतरी सांगितलं. आईने ते ऐकलं, दोन्ही हात छातीवर ठेवले आणि डोळे मिटून मान हलवली. आर्विड ते बघत उभा राहिला.