सुभेदारांचा डावा डोळा

हे २०२२ साली घडलं, दसरा होऊन गेला होता आणि दिवाळी यायची होती. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी मला पंचाहत्तरावं लागलं आणि नातीने तिचा जुना मोबाइल मला वाढदिवसाची भेट म्हणून दिला. तिला नवा घ्यायचा होता, त्यामुळे माझा वाढदिवस तिच्या बरोबर ध्यानात राहिला.

कराडात आमचा फोटो स्टुडिओ होता. फोटो माझे यजमान जयराज काढायचे आणि त्यापुढचं सगळं मी करायची. काचेच्या मेजावर निगेटिव्ह, खालून दिवा, हातात टोकदार पेन्सिल. देवीचे व्रण बुजवायचे, डोळ्यांखालचं काळं घालवायचं. पण आमचं नाव झालं ते भिंतीवरच्या फोटोंमुळे. घरातलं म्हातारं माणूस गेलं की लोकांना आठवायचं, अरे, यांचा एकट्याचा फोटोच नाही! मग ते कुणाच्या तरी लग्नातला घोळका घेऊन यायचे आणि तिसऱ्या रांगेतल्या शेंगदाण्याएवढ्या तोंडावर बोट ठेवून म्हणायचे, "हे आमचे तात्या."

त्या शेंगदाण्यातून मी तात्या उभे करायची. डोळे मिटलेले असले तर उघडायची, लहानमोठे असले तर सारखे करायची. नजर थोडी वर, लांब कुठेतरी. कडा पांढऱ्या धुक्यात विरत गेलेल्या. अंगात कोट. कराडपासून मेढ्यापर्यंत पुष्कळ घरांच्या भिंतींवर गेलेली माणसं एकाच कोटात बसली आहेत. तो कोट मी काढलेला. खाली कोपऱ्यात सही मात्र 'जयराज' अशी असायची.

तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. यजमान गेले, स्टुडिओ बंद झाला, आणि एकदा पाहुण्यांच्या घरी माझ्याच हातचे एक तात्या भिंतीवर दिसले. मी कौतुकाने म्हटलं, "हे मी केलेत बरं का." घरची बाई हसली. "नाही हो काकू, खाली नाव आहे की जयराज म्हणून." मी चहा पिऊन घरी आले. पण तेव्हापासून मनाने एकच घेतलं, की मरायच्या आधी एक तरी चेहरा आपल्या नावाने लोकांसमोर यावा.

म्हणून मोबाइल हातात येताच मी सातारा-सांगलीच्या हौशी छायाचित्रकारांच्या गटात शिरले. दर महिन्याला खेळीमेळीची स्पर्धा असे. आधीच्या महिन्याचा विषय 'धबधबा' होता, तेव्हा दुष्काळी जतच्या सभासदांनी लेखी निषेध नोंदवला होता. या खेपेचा विषय होता 'चेहरा'. गटाचा प्रमुख शिवतेज, मलकापुरात त्याचं चष्म्याचं दुकान. त्याने नियम पाठवले: फक्त डोकं आणि खांदे, फोटोवर नाव नाही, नुसता क्रमांक. फेसबुकवर फोटोखाली जितक्या जणांनी काही लिहिलं तितकी मतं. आणि चौथा नियम, फोटोत फेरफार नाही. बक्षीस म्हणजे नारळ आणि प्रमाणपत्र, त्यावर ठळक अक्षरांत पूर्ण नाव. मला ते प्रमाणपत्र हवं होतं.

चेहरा घरातच होता. माझे धाकटे दीर लालासाहेब, पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, वय त्र्याहत्तर. मिशा अशा, की आधी मिशा दारातून आत येतात आणि मागून भावजी. त्यांना मी अंगणात खुर्चीवर बसवलं.

"वैनी, हासू का?"

"नको."

"मग काय करू?"

"त्या विजेच्या खांबाच्या वरती बघा. आणखी वर. आता लांबचं काहीतरी दिसल्यासारखं करा."

"लांब तर धनाजीचा ऊस दिसतोय. लय माजलाय."

"तो बघू नका, राग दिसतो तोंडावर."

फोटो चांगला आला. नातीने मोबाइलमध्ये फोटो नीट करायचं एक साधन घालून दिलं होतं. पेन्सिलीच्या जागी बोट चालवायचं, एवढाच फरक. रंग काढून टाकला, कडा विरवल्या. एकाहत्तरच्या लढाईत भावजींच्या भुवईत लोखंडाचा कपचा घुसला होता, तेव्हापासून डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक. तो मी सारखा केला. नियम मी वाचला होता. पण फेरफार म्हणजे एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर लावणं, अशी माझी समजूत. डोळा सारखा करणं म्हणजे तांदळातला खडा काढणं. त्याला कुणी तांदूळ बदलले म्हणत नाही.

माझा फोटो क्रमांक सात झाला. तीन दिवसांत अकरा मतं. क्रमांक चारला चाळीस. त्यात एक आजी खदखदून हसत होती आणि तिच्या तोंडात एकच दात होता. नावं गुप्त असली तरी तो दात बघून सगळ्यांनी ओळखलं, की फोटो सांगलीच्या दातांच्या डॉक्टर क्रांतीचा.

माझं तोंड उतरलेलं बनुबाईने पाहिलं. ती लालाभावजींची बायको, माझी धाकटी जाऊ.

"आक्का, मी पाठवू का आपल्या भावकीत? आपली मानसं मतं देत्याली की."

"पाठव. पण मत द्या म्हणून लिही."

"मला कुठं लिवाया येतंय? नुसता पाठीवते."

आणि तिने फेसबुकवरूनच तो पुढे पाठवला. एका शब्दाशिवाय. सुभेदारांचा एकट्याचा, बिनरंगाचा, धुक्यात विरणारा, आभाळाकडे बघणारा चेहरा.

पहिलं उत्तर पुण्याच्या भाच्याचं आलं, मिनिटाभरात. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' त्याच्यामागे सगळी भावकी, मग पलटणीतले लोक, मग ज्यांना भावजी माहीतही नव्हते असे लोक. सगळं थेट क्रमांक सातच्या खाली. 'एक तारा निखळला.' 'मामा, एवढी घाई का केलीत?' रात्रीपर्यंत माझी मतं एकशे तीस झाली.

मी घाबरून भावजींकडे गेले. त्यांनी चष्मा लावला आणि स्वतःच्या मोबाइलवरून लिहिलं, 'मी ठणठणीत आहे. लालासाहेब.' लगेच भाच्याचं उत्तर आलं, 'मामांच्या फोनवरून कोण लिहितंय? ही चेष्टेची वेळ आहे का?' भावजींनी परत लिहिलं, 'मी स्वतः.' त्यावर कुणीतरी लिहिलं, 'धक्क्यामुळे घरचे भ्रमिष्ट झाले आहेत. त्यांना सांभाळा.'

"एकेकाला फोन करून सांगूया," मी म्हटलं.

"थांबा वैनी." भावजी खालपर्यंत वाचत गेले होते. "ह्यो बगा धनाजी. परवा सोसायटीत मला चोर म्हनत हुता. आज काय लिवतोय? 'गावाचा आधारवड.' रवीवारपातुर राहू द्या. कोन लिवतंय, कोन न्हाई, कळू तरी दे."

"आवं, काय बोलताय!" बनुबाई कडाडली. "कुकू लावून हिंडायचं का पुसून, त्येवढं तरी सांगा मला!"

"लाव की. मी कुटं गेलोय?"

सकाळी शेजारणी पिठलं-भाकरी घेऊन आल्या. आमच्याकडे माणूस गेलेल्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारी जेवण देतात. दार भावजींनीच उघडलं. पहिल्या शेजारणीने किंचाळून टोपली टाकली. दुसरी धीराची. तिने त्यांना नखशिखांत पाहिलं आणि म्हणाली, "सुबेदार, हायसा व्हय तुमी? मग ही भाकरी माघारी न्यायची का?"

"आनलीया तर ठेव. माघारी न्हेऊ ने म्हनत्यात."

त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या आणि पिठल्यात लसूण कमी पडल्याचंही सांगितलं.

माझी मात्र झोप उडाली होती. मतं दोनशेवर गेली होती. प्रमाणपत्र जवळजवळ माझंच. पण ही मतं फोटोला की मरणाला? मरणाला म्हणावं तर भावजी जिवंत. फोटोला म्हणावं तर फोटोबद्दल एकही अक्षर नाही.

रविवारी मलकापुरात एका हॉलमध्ये निकाल होता. सगळे फोटो मोठे करून टेबलांवर मांडले होते. आम्ही पोचलो तेव्हा क्रमांक सातला झेंडूचा हार होता आणि पुढे उदबत्ती जळत होती. हॉलची देखभाल करणारा धुळा हात जोडून उभा होता.

"हार कुणी घातला?" शिवतेजने विचारलं.

"मीच की सायेब. फोटू ठिवला, हार न्हाई, बरं दिसतं व्हय?"

क्रांती तरातरा आली. "शिवतेज, मला एवढंच सांग, श्रद्धांजली हे मत कसं? माझ्या आजीला लोकांनी 'गोड', 'झकास' असं लिहिलंय. तिला एकच दात असला तरी ती जिवंत आहे!"

"नियमात 'काही लिहिलं' एवढंच आहे, मॅडम. काय लिहिलं ते नाही."

"मग उद्या कुणी शिव्या घातल्या तर?"

"शिव्या धरल्यात आपण. धबधब्याच्या वेळी जतकरांच्या धरल्या होत्या."

एवढ्यात दारातून एक उंच म्हातारा आला. डोक्याला पटका, छातीवर पदकं, हातात भलंमोठं पुष्पचक्र. तो अर्जुना, भावजींचा पलटणीतला जोडीदार, जतच्या पूर्वेचा. नातवाने मोबाइलमध्ये फोटो दाखवल्यावर बातमी कळून तो निघाला होता. घराला कुलूप दिसलं, कुणीतरी हॉलचा पत्ता दिला. तो सरळ क्रमांक सातसमोर गेला, पुष्पचक्र ठेवलं, टाच आपटून सलाम ठोकला.

मग तो फोटोकडे वाकून पाहू लागला.

"ह्यो लाला न्हवं," तो म्हणाला.

"मग कोन हाय?" मागून भावजी म्हणाले.

"गप रं, बगू दे मला." अर्जुनाने मान न वळवताच सांगितलं. मग त्याची पाठ एकदम ताठ झाली. तो वळला.

"लाला!"

"बोल गड्या."

"मेला न्हाईस तू?"

"न्हाई अजून."

"आरं भाड्या, तीन येष्ट्या बदलून आलो की रं मी! ह्ये चक्र मांडीवर घिऊन! कंडक्टरनं त्येचं बी तिकीट मागितलं!" एवढं बोलून त्याने भावजींना मिठी मारली आणि त्यांच्या खांद्यावर रडत रडतच पाठीत दोन गुद्दे घातले.

"आणि ह्यो लाला न्हवं का म्हनलास?" भावजींनी विचारलं.

"डोळा बग की त्येचा. तुजा डावा डोळा ह्या हातानं बांधलाय मी, रगात थांबत नव्हतं तवा. ह्या फोटूतला डोळा ताजा करकरीत हाय. ह्यो दुसराच कोनीतरी."

क्रांतीने फोटो उचलला, भावजींच्या तोंडाशेजारी धरला. "डोळा बदललाय! शिवतेज, नियम चौथा!"

शिवतेज डोळ्यांच्याच धंद्यातला. तोही वाकून वाकून पाहू लागला. "मला तर काही कळत नाही. उजेडामुळेही तसं दिसत असेल. क्रमांक सात कुणाचा आहे? काही सांगायचंय का?"

मी गप्प राहिले असते तर चाललं असतं. मतं दोनशे बारा होती. प्रमाणपत्रं टेबलावर होती, त्यांवर नाव घालायची तेवढी बाकी होती. पण शिवतेज पुन्हा म्हणाला, "डोळ्याला काही केलेलं वाटत नाही मला," आणि मला राहवेना. पन्नास वर्षं मी केलेलं कुणाला दिसलं नव्हतं. आता तर ते केलेलंच नाही असं ठरत होतं.

मी उभी राहिले. "माझा आहे. डोळा मी केलाय. डोळाच नाही, भुवईही. उजवा कान बाहेर येतो, तो आत घेतलाय. गळ्याची कातडी ओढलीय. आणि मिशीचं डावं टोक विरळ आहे, ते भरलंय."

"मिशी बी?" भावजी दुखावून म्हणाले.

फोटोभोवती घोळका जमला. क्रांती तर दात तपासावा तशी नाक लावून बघत होती. "काकू, जोड कुठंय?"

"जोड दिसली तर ते काम कसलं?"

"हे बोटाने केलंत? मोबाइलवर?"

"पेन्सिलीने जास्त चांगलं होतं."

शिवतेजने ध्वनिक्षेपक हातात घेतला. त्याला अवघडल्यासारखं झालं होतं. "चौथ्या नियमानुसार क्रमांक सात बाद करण्यात येत आहे. छायाचित्रकार आणि, अं, सर्व फेरफार करणाऱ्या, श्रीमती राजेश्वरी जयराज मोहिते." मागच्यांना ऐकू गेलं नाही म्हणून त्याला पूर्ण नाव दुसऱ्यांदा घ्यावं लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाद झालेल्याला टाळ्या वाजवायच्या नसतात हे त्यांना उशिरा सुचलं, पण तोवर वाजवून झाल्या होत्या.

"म्हंजे माजी दोनशे बारा मानसं बाद?" भावजी ओरडले. "मी चार दिस मेलो, त्ये फुकट?"

पुढचं थोडक्यात सांगते. पहिलं बक्षीस क्रांतीला मिळालं. त्या आजीला ती फुकट कवळी बसवणार होती, पण आजी नको म्हणाली. एका दाताने आपलं नाव पेपरात आलं, आता कवळी कशाला? शिवतेजने नियमावलीत पाचवा नियम घातला, की चेहरा हयात माणसाचा असल्यास फोटोखाली तसं लिहावं. बनुबाई नातीकडून लिहायला शिकली, पण दोनच शब्द. भावकीत कुणाचाही फोटो पाठवला, बारशाचा असला तरी, की खाली लिहिते, 'जिवंत आहेत.' आधारवड म्हटल्यामुळे भावजींना सोसायटीच्या निवडणुकीत धनाजीला मत द्यावं लागलं. धनाजी एका मताने निवडून आला आणि आता तो भावजींना परत चोर म्हणतो. भावजी ठणठणीत आहेत. त्यांनी मिशीला तेल लावायला सुरुवात केली आहे.

अर्जुना मागच्या वर्षी गेला. त्या दिवशी हॉलमध्ये रडत रडत भावजींना गुद्दे घालतानाचा त्याचा एक फोटो मी काढला होता. त्याच्या नातवाने तो मागितला. मी विचारलं, पटका सरळ करून देऊ का? तो नको म्हणाला. आहे तसाच दिला.

मला तीन महिने स्पर्धेत बंदी होती. ती संपली तेव्हा विषय 'म्हैस' होता. मला नऊ मतं पडली, सहावा क्रमांक आला.