मारेनच्या आईचे डोळे

मी एक तसबीर आहे, आणि भीती मला जन्मापासूनच चिकटलीय.

१९३४ साली युटातल्या एका डोंगराळ गावात आर्विला येन्सननं मला रंगवलं. ती देवाधर्माचीच चित्रं काढायची. माझ्यात तिनं आपली पणजी रंगवली. बर्फाच्या वादळात हातगाडी ओढत, श्रद्धेपायी घरदार सोडून निघालेली. गाडीत दोन मुलं. एकाचं तोंड झाकलेलं. पणजीचे डोळे भयानं विस्फारलेले.

चर्चच्या सभागृहात मला लावायचं होतं. बिशप लुंडग्रेन बघायला आले. चर्चमधल्या सगळ्याच बायकांना ते सिस्टर म्हणत.

“सिस्टर आर्विला, हात छान आहे तुमचा. पण ही बाई तर गर्भगळीत झालीय! पोरांनी काय शिकायचं? डोळ्यांत श्रद्धा आणा. रविवारपर्यंत.”

दुसऱ्या दिवशी आर्विलानं सुरीनं माझा डावा डोळा खरवडला. तिथं शांत, हसरा डोळा काढला. एका चेहऱ्यात दोन बाया! मग सुरी उजव्या डोळ्याकडे वळली. मला ओरडताही येईना.

तेवढ्यात तिची आजी मारेन काठी टेकत आली. त्र्याऐंशी वर्षांची. गाडीतली जगलेली पोर तीच.

“हे काय करतेस गं?”

“बिशप म्हणाले, श्रद्धा दिसत नाही.”

“ते होते का गाडीत? आई रोज सकाळी लटलटा कापायची. मी म्हणायचे, नको ना जाऊया. तर म्हणायची, ‘भीती वाटते म्हणूनच प्रार्थना करतेय, गप बस!’ आणि ओढायला लागायची. भ्यायलीच नसती तर देव कशाला हवा होता तिला?”

आर्विला रडली. डावा डोळा पुन्हा भ्यालेला रंगवला, पण पहिल्यासारखा जमला नाही.

बिशपनी मला सभागृहात घेतलंच नाही. बाहेरच्या बोळात, कोटांच्या खुंट्यांशेजारी टांगलं. त्या रविवारी मारेन आजीनं खुर्ची ओढली आणि प्रार्थना संपेपर्यंत माझ्यासमोरच बसली. पुढच्या रविवारी आणखी दोघी आल्या.

ती माणसं आता गेली. रडकी बाळं घेऊन आया या बोळात येरझाऱ्या घालतात. परवा एकजण माझ्यापुढे थबकली. “अगंबाई, हीसुद्धा घाबरलीय,” म्हणाली, आणि किती वेळ हलली नाही.

इमारत पाडणार म्हणतात. माणसं येऊन भिंती मोजून जातात. न्यायचं तिथं न्या मला. फक्त भिंतीकडे तोंड करून ठेवू नका.