पुढचं नाव

"तुमची शेवटची परीक्षा दहा जूनला झाली. आज अठरा जुलै," सरकारी विमा कचेरीच्या खिडकीतली बाई म्हणाली. "तीस दिवसांच्या आत बेकार म्हणून नाव नोंदवायचं असतं."

"पण पदवी अजून हातात कुठंय?" नेवेंका म्हणाली. "समारंभ सव्वीसला आहे. म्हटलं, तो कागद घेऊनच यावं."

"समारंभाचं सरकारला काय हो? परीक्षा संपली, त्या दिवशी तुम्ही बेकार झालात."

नेवेंका सेहेचाळीस वर्षांची. सोळा वर्षं तिनं कारखान्यात माशांचे डबे भरले. कारखाना बंद पडल्यावर चार वर्षं विशीतल्या पोरांशेजारी बसून बालवाडीच्या शिक्षिकेचा अभ्यास केला. पोरं तिला तेता म्हणायची, म्हणजे मावशी. एक सप्टेंबरपासून नोकरी पक्की होती. मधले अडीच महिने नाव नोंदवलं असतं, तर सरकारी आरोग्यविमा चालू राहिला असता. मिरवायची हौस नडली, दुसरं काय!

तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. अकरा महिने रांगेत राहून ऑपरेशनची बारा ऑगस्टची तारीख मिळाली होती. सकाळीच दवाखान्यातून फोन आला होता की, येत्या शुक्रवारपर्यंत विम्याचा कागद आणा, नाहीतर तारीख दुसऱ्याला जाईल.

"एका डोळ्यानं वीस पोरं कशी सांभाळू?" नेवेंका म्हणाली. खिडकीला हे विचारण्यात अर्थ नव्हता, पण विचारलं.

बाईनं चष्मा काढला. तीही दमलेली होती. "कायदा काही माझ्या हातात नाही. पण कुणी कागदोपत्री कामावर घेतलं, तर विमा त्याच दिवसापासून सुरू. महिनाभराचं काम असलं तरी चालतं. ऐन मोसम आहे, साफसफाईला माणसं मिळेनात. बघा."

बघायचं काय, शिमे होताच. समुद्राकडेला त्याचे पाच फ्लॅट, पाहुण्यांना आठवड्याच्या भाड्यानं द्यायचा. शिकताना नेवेंकानं तेच झाडले होते.

"घेतो की! उद्या नाव घालतो," शिमे म्हणाला. "पण शनिवार चुकवायचा नाही. दहाला जुने पाहुणे जातात, दोनला नवे दारात."

"सव्वीसला माझा समारंभ आहे रे. अकराला."

"मग सत्तावीसपासून ये."

"मला कागद शुक्रवारच्या आत हवाय."

शिमेनं डोकं खाजवलं. माणूस वाईट नव्हता. "नेवेंका, शनिवारी तू नसलीस तर तुला ठेवून मी करू काय? दुसरी बाई विचारून गेलीय. तुझं तू ठरव."

तिनं सही केली. समारंभासाठी शिवलेला हिरवा झगा कपाटातच राहिला.

सव्वीसला ती तिसऱ्या फ्लॅटमध्ये पलंग लावत होती. बारा वाजता वर्गातल्या झ्रिंकाचा फोन आला. मागून टाळ्या ऐकू येत होत्या.

"तेता, कुठं आहेस तू? तुझं नाव पुकारलं. दोनदा."

"मग?"

"मग काय... पुढचं नाव घेतलं."

"बरं," नेवेंका म्हणाली. "तुझं झालं ना नीट? पाय नाही ना अडखळला?"

फोन ठेवल्यावर तिला रडू आलं. तिनं डोळे अंगावरच्या ॲप्रनला पुसले, कारण चादर नव्या पाहुण्यांची होती. मग ती चौथ्या फ्लॅटची किल्ली शोधू लागली.